मेल पोहोचला पाहिजे : वसई-विरारमधून स्वतःचा मेल सर्व्हर चालवताना

पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, वालीव-सातिवलीतला कारखाना, शाळा, ट्रस्ट किंवा छोटे प्रकाशन, यांपैकी कोणालाही स्वतःच्या नावाचा आणि स्वतःच्या ताब्यातला मेल सर्व्हर चालवता येतो. त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि जाणकार माणूस ते शनिवार-रविवारात बसवूही शकतो. खरा वेळ जातो तो पाठवलेला मेल समोरच्याच्या इनबॉक्समध्ये पडेल याची व्यवस्था करण्यात. जीमेल, आउटलुक, याहू या मोठ्या कंपन्या अनोळखी सर्व्हरचा मेल संशयानेच घेतात. आपल्या डोमेनची आणि आयपी पत्त्याची, म्हणजे इंटरनेटवर आपले यंत्र ओळखणाऱ्या क्रमांकाची, पत पाहून त्या निर्णय घेतात. ही पत टप्प्याटप्प्याने उभी राहते. पुढचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे, त्यामुळे आपण मधली पायरी गाळून पुढे जाऊ नये.

१. डोमेन संस्थेच्या नावावर घ्यावे

१५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. त्यानंतर मुंबई परिसरातल्या व्हिजिटिंग कार्डांवर ‘जीआयएएसबीएम०१’ असे लांबलचक पत्ते दिसू लागले. पुढे व्हीएसएनएल २००२ मध्ये टाटांकडे गेली, ग्राहकांनी कनेक्शने बदलली आणि कार्डावरचा पत्ता निरुपयोगी झाला. पत्ता सेवा देणाऱ्याच्या नावावर असला की असे होते. स्वतःचे डोमेन असेल तर सर्व्हर कितीही वेळा बदलला तरी पत्ता तोच राहतो.

डोमेन ‘.इन’, ‘.कॉम’ किंवा ‘.ओआरजी’ यांपैकी घ्यावे. पहिल्या वर्षी नगण्य किमतीत मिळणाऱ्या ‘.टॉप’, ‘.एक्सवायझेड’ यांसारख्या शेपट्या टाळाव्यात. स्पॅम पाठवणाऱ्यांनी त्या इतक्या वापरल्या आहेत की काही फिल्टर त्यांच्याकडे सुरुवातीपासूनच वाकड्या नजरेने पाहतात. सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘.बँक.इन’वर जायला सांगितले होते. पतसंस्थेला ते नाव मिळत नाही, तेव्हा तो विचार आपण सोडून द्यावा. डोमेन बदलले की नव्या नावाची पत शून्यापासून सुरू होते, हे मात्र बँकेनेही लक्षात ठेवावे आणि जुने डोमेन काही वर्षे तरी चालू ठेवावे.

‘.भारत’ हे देवनागरी डोमेन २७ ऑगस्ट २०१४ पासून मिळते. पोस्टफिक्ससारखे मेल सॉफ्टवेअर २०१५ च्या ३.० आवृत्तीपासून देवनागरी पत्ते हाताळते आणि जीमेलही ते स्वीकारते. तरीही अनेक सरकारी आणि खासगी फॉर्म असा पत्ता नाकारतात. हौस म्हणून तो जरूर घ्यावा, पण मुख्य पत्ता रोमन लिपीतलाच ठेवावा.

२. सर्व्हर वसईतल्या कार्यालयात ठेवू नये

हा सल्ला अनेकांना आवडत नाही, म्हणून कारणे सविस्तर देतो.

आपल्याकडच्या घरगुती आणि छोट्या कार्यालयांच्या ब्रॉडबँडला बहुधा स्वतंत्र सार्वजनिक आयपी नसतो. एकाच पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवलेले असतात. या व्यवस्थेला सीजी-नॅट म्हणतात. आपण राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘वॅन आयपी’ पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या पल्ल्यातला असेल तर आपण सीजी-नॅटमागे आहात, आणि बाहेरून येणारा मेल आपल्या यंत्रापर्यंत पोहोचणारच नाही.

जादा पैसे भरून स्थिर आयपी घेतला तरी तीन अडचणी उरतात. पहिली म्हणजे पोर्ट २५. सर्व्हर एकमेकांना मेल याच दारातून देतात आणि बरेच सेवादार ते बंद ठेवतात. दुसरी अडचण स्पॅमहॉस या संस्थेच्या ‘पीबीएल’ यादीची. ज्या आयपी पल्ल्यांतून थेट मेल निघणे अपेक्षित नाही असे पल्ले या यादीत असतात, आणि घरगुती ब्रॉडबँडचे पल्ले त्यात सर्रास सापडतात. तिसरी अडचण पीटीआर नोंदीची. तिचे महत्त्व चौथ्या मुद्द्यात येईल. इथे एवढेच लक्षात घ्यावे की ही नोंद आयपी ज्याच्या मालकीचा तोच करू शकतो. गल्लीतल्या केबलवाल्याला ‘पीटीआर करून द्या’ म्हटले तर बहुधा तो राउटर बंद करून चालू करायला सांगेल.

आणि पावसाळा तर आहेच. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा-वसई परिसर पाण्याखाली गेला, लोकल थांबल्या, अनेक भागांत वीज बंद ठेवावी लागली. असा दिवस वर्षातून एकदाच आला तरी इन्व्हर्टरवर किती तास निघतील हे आपल्याला ठाऊक आहे.

येणाऱ्या मेलच्या बाबतीत मात्र वीज जाण्याचे भय लोक समजतात तेवढे नाही. आपला सर्व्हर बंद सापडला तर पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. चार-पाच दिवस प्रयत्न चालू ठेवावेत, असे मेलचे मानकच सांगते. म्हणून मेलची साठवण कार्यालयातच हवी असा आग्रह असेल तर एक मधला मार्ग आहे. बाहेरच्या जगाशी बोलणारे छोटे यंत्र डेटा सेंटरमध्ये ठेवावे आणि तिथून वायरगार्डच्या सुरक्षित बोगद्यातून मेल वसईतल्या यंत्रावर आणावा. वीज गेली तर मेल डेटा सेंटरमधल्या यंत्रावर वाट पाहील. पण पहिल्याच वर्षी हा खटाटोप करू नये.

३. भाड्याचे यंत्र घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत

व्हीपीएस म्हणजे डेटा सेंटरमधल्या मोठ्या यंत्राचा भाड्याने मिळणारा तुकडा. पैसे भरण्याआधी कंपनीला लेखी विचारावे : पोर्ट २५ बाहेर जाण्यासाठी उघडे आहे का, किंवा विनंतीवर उघडता का? पीटीआर नोंद मला स्वतःला करता येईल का? मिळणारा आयपी खराब निघाला तर बदलून द्याल का?

उत्तरे कंपनीगणिक बदलतात. गूगल क्लाउड पोर्ट २५ बाहेर जाऊच देत नाही. ॲमेझॉन ते सुरुवातीला बंद ठेवते आणि अर्ज केल्यावर उघडते. डिजिटलओशनवर ते बंदच असते. अकामाईच्या लिनोडवर तिकीट टाकून, आपण काय पाठवणार हे सांगून मागावे लागते, आणि त्यांचे यंत्र मुंबईतही मिळते. यंत्र मुंबईत असावे असा आग्रह मेलच्या वेगासाठी धरू नये. मेलला अर्ध्या सेकंदाने काही फरक पडत नाही. नोंदी भारतात ठेवण्याच्या दृष्टीने मात्र ते सोयीचे पडते.

आयपी हाती आल्यावर सॉफ्टवेअर बसवण्याआधीच तो स्पॅमहॉसच्या संकेतस्थळावर आणि एमएक्सटूलबॉक्सवर तपासावा. मागच्या भाडेकरूने त्यावरून काय उद्योग केले ते तिथे दिसते. काळ्या यादीतला आयपी सुधारत बसण्यापेक्षा यंत्र परत करून दुसरे घेणे शहाणपणाचे.

४. नाव आणि क्रमांक यांची दुहेरी जोडी जुळवावी

सर्व्हरला पूर्ण नाव द्यावे, उदाहरणार्थ ‘मेल.आपलेडोमेन.इन’. डीएनएसमध्ये, म्हणजे नावाचा क्रमांक सांगणाऱ्या सार्वजनिक सूचीत, ‘ए’ नोंद या नावाला आयपी जोडते. ‘पीटीआर’ नोंद उलट दिशेने आयपीला नाव जोडते. दोन्ही एकमेकींशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. शिवाय सर्व्हर संभाषणाच्या सुरुवातीला ‘हेलो’ म्हणून जे नाव सांगतो तेही हेच असावे. भाड्याच्या यंत्रावर ते नाव पुष्कळदा ‘लोकलहोस्ट’ किंवा कंपनीने ठेवलेले काहीतरी असते, ते आठवणीने बदलावे. मेल कुठे द्यायचा हे सांगणारी ‘एमएक्स’ नोंद शेवटी टाकावी.

यंत्राला आयपीव्ही६ पत्ताही मिळाला असेल तर त्याची पीटीआर नोंदही करावी. ते जमत नसेल तर बाहेर जाणारा मेल फक्त आयपीव्ही४ वरून जाईल अशी सेटिंग करावी. आयपीव्ही६ वरून पीटीआरशिवाय आलेला मेल जीमेल सरळ नाकारते. आयपीव्ही४ नीट असल्यामुळे असा मेल कधी जातो आणि कधी परत येतो, आणि कारण शोधण्यात आठवडा जातो.

५. सॉफ्टवेअर : पूर्ण संच घ्यावा

सुटे भाग जोडायचे तर मेल नेण्या-आणण्यासाठी पोस्टफिक्स, पेटी उघडून देण्यासाठी डव्हकॉट आणि स्पॅम गाळण्यासाठी आरस्पॅमडी, ही रूढ त्रयी आहे. पोस्टफिक्स विट्झे वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिले आणि १९९८ पासून ते सर्वांसाठी खुले आहे. पहिल्यांदाच हे काम करत असाल तर सुटे भाग जोडू नयेत. मेलकाउ किंवा मेल-इन-अ-बॉक्स यांसारखा तयार संच घ्यावा. मेलकाउला किमान ६ जीबी रॅम लागते, त्याहून लहान यंत्रावर ओढाताण होते.

यंत्रावर स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर, म्हणजे डीएनएसकडे चौकशी करणारे सॉफ्टवेअर, चालवावा, उदाहरणार्थ ‘अनबाउंड’. स्पॅमहॉस आपल्या याद्या गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून विचारू देत नाही. तसे विचारल्यास १२७.२५५.२५५.२५४ असे त्रुटीदर्शक उत्तर येते. काही जुन्या सेटिंग्ज या उत्तराचा अर्थ ‘हा आयपी काळ्या यादीत आहे’ असा लावतात आणि मग येणारा प्रत्येक मेल नाकारला जातो. बाहेरून सगळे ठीक दिसते, पेटी मात्र रिकामी.

सर्व्हर-सर्व्हरमधले आणि ग्राहक-सर्व्हरमधले संभाषण टीएलएसने कुलूपबंद करावे. लेट्स एनक्रिप्टचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते, पण अल्प मुदतीचे असते. ते आपोआप नवे होते का आणि नवे झाल्यावर पोस्टफिक्स व डव्हकॉट ते पुन्हा वाचतात का, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही तपासाव्यात.

६. ओळखीची तीन कागदपत्रे : एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क

ही सर्वांत महत्त्वाची पायरी. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगल आणि याहूने जाहीर केलेले नियम फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाले. ५ मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुक, हॉटमेल आणि लाइव्ह पत्त्यांसाठी तसेच नियम आणले. दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे आहेत. आपण ५० पाठवत असाल तरी तिन्ही करावेत.

एसपीएफ ही डोमेनची एक ओळीची नोंद आहे. आमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, हे ती सांगते. एका डोमेनला अशी एकच नोंद चालते. वेबसाइटवाल्याने एक आणि आपण एक अशा दोन टाकल्या तर दोन्ही निकामी होतात. तसेच ही नोंद तपासताना दहापेक्षा जास्त डीएनएस चौकश्या लागता कामा नयेत. वेगवेगळ्या सेवांचे ‘इन्क्लूड’ जोडत गेले की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते.

डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवर सर्व्हरने केलेली गणिती सही. खासगी किल्ली सर्व्हरवर राहते, सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये टाकायची. किल्ली २०४८ बिटची घ्यावी. डीएनएसमध्ये एका अवतरणात २५५ अक्षरांपेक्षा जास्त मजकूर बसत नाही आणि ही किल्ली त्याहून लांब असते. काही नियंत्रण पॅनल ती आपोआप तोडतात, काही गुपचूप अर्धीच साठवतात. म्हणून नोंद टाकल्यावर बाहेरून वाचून पाहावी आणि शेवटची अक्षरे मूळ किल्लीशी ताडून घ्यावीत.

डीमार्क या दोन्हींना एकत्र बांधतो. वाचणाऱ्याला ‘प्रेषक’ म्हणून जे डोमेन दिसते, त्याच डोमेनसाठी एसपीएफ किंवा डीकेआयएम उत्तीर्ण झाले पाहिजे, असा त्याचा आग्रह असतो. सुरुवातीला धोरण ‘नन’ ठेवावे, म्हणजे काही अडवू नका, फक्त कळवा. अहवालांसाठी एक वेगळा पत्ता द्यावा. रोज झिप केलेल्या एक्सएमएल फाइल येऊ लागतील. त्या डोळ्यांनी वाचवत नाहीत, पार्सडीमार्कसारखे साधन वापरावे.

हे अहवाल कंटाळवाणे असले तरी उपयोगाचे आहेत. आपल्या नावाने कोण कोण मेल पाठवते ते त्यांत दिसते. टॅलीतून थेट जाणारी बिले, वेबसाइटवरचा संपर्क फॉर्म, सीसीटीव्हीच्या पेटीतून जाणारा इशारा, कोणीतरी तीन वर्षांपूर्वी सुरू केलेली सणांच्या शुभेच्छांची सेवा, अशी विसरलेली मंडळी सापडतात. प्रत्येकाला आपल्या सर्व्हरमधून जायला लावावे किंवा बंद करावे. दोन-तीन आठवडे अहवाल स्वच्छ आले की धोरण ‘क्वारंटाइन’ आणि पुढे ‘रिजेक्ट’ करावे. बरेच जण ‘नन’वरच थांबतात. पतसंस्थेच्या नावाने ठेवीदारांना खोटे मेल जाऊ नयेत असे वाटत असेल तर ‘रिजेक्ट’पर्यंत जाणे भाग आहे.

७. तपासणी डोळ्यांनी करावी

स्वतःच्या जीमेल खात्यावर एक साधा मेल पाठवावा. संगणकावर तो उघडून उजवीकडच्या तीन टिंबांतून ‘शो ओरिजिनल’ निवडावे. वरच्या चौकटीत एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन ओळी दिसतील आणि तिन्हींपुढे ‘पास’ असायला हवे. त्याच चौकटीत मेल किती सेकंदांनी पोहोचला तेही लिहिलेले असते. डीकेआयएमच्या ओळीत डोमेन आपलेच आहे ना, हेही पाहावे, कारण तिथे भाड्याच्या कंपनीचे डोमेन असूनही ‘पास’ दिसू शकते. मग हाच प्रयोग आउटलुक, याहू आणि रेडिफमेलच्या पत्त्यांवर करावा. आपल्याकडचे जुने व्यापारी अजून रेडिफमेल वापरतात, ते विसरून चालणार नाही. मेल-टेस्टर हे संकेतस्थळ दहापैकी गुण देते. दहापैकी दहा मिळाले म्हणून मेल इनबॉक्समध्ये जाईलच असे नाही, पण आठच्या खाली असाल तर पुढची पायरी घेऊ नये.

८. पहिला महिना दमाने घ्यावे

नव्या आयपीवरून पहिल्याच दिवशी दोन हजार मेल निघाले तर समोरचे सर्व्हर ते स्पॅमचेच लक्षण मानतील. पहिल्या आठवड्यात फक्त रोजचा पत्रव्यवहार या सर्व्हरवरून करावा, तोही उत्तर देणाऱ्या माणसांशी. पाठवलेल्या मेलला उत्तर येणे ही पत वाढल्याची सर्वांत चांगली खूण आहे. मग एकगठ्ठा मेल २०-३० च्या तुकड्यांनी सुरू करून आकडा हळूहळू वाढवावा.

मायक्रोसॉफ्टकडे मात्र सगळे बरोबर असूनही नवा आयपी अडू शकतो. परत आलेल्या मेलमध्ये ‘एस३१५०’ असा संकेत दिसला की आपला आयपी किंवा शेजारचा पल्ला त्यांच्या यादीत आहे असे समजावे. त्यांच्या प्रेषक-साहाय्य फॉर्ममध्ये आयपी आणि परत आलेल्या मेलचा पूर्ण मजकूर द्यावा. पहिले उत्तर पुष्कळदा ठरावीक नकाराचे असते. त्याच मेलला शांतपणे उत्तर देऊन पुन्हा तपासणी मागावी.

९. सभासदांना एकगठ्ठा मेल

गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायच्या असतात, सभेआधी पूर्ण चौदा दिवसांची नोटीस लागते. त्यामुळे सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सगळीकडून नोटिसांचा ओघ सुरू होतो. त्यासाठी यादी ऑगस्टमध्येच साफ करावी. बंद पडलेले पत्ते काढावेत. मेल गेला म्हणजे नोटीस कायदेशीरपणे बजावली, असे मात्र समजू नये. उपविधीत सांगितलेली पद्धत पाळावीच.

एकाच मेलमध्ये दोनशे पत्ते ‘टू’मध्ये घालून पाठवू नये. त्याने सभासदांचे पत्तेही उघड होतात आणि फिल्टरही बिथरतात. लिस्टमंकसारखे साधन वापरून प्रत्येकाला वेगळा मेल जावा. वार्तापत्र असेल तर एका टिचकीत नाव काढण्याची सोय मेलच्या हेडरमध्येच, म्हणजे मजकुराआधीच्या तांत्रिक ओळींत, द्यावी. गूगल स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली मागते. हजार मेलांमागे तीन जणांनी ‘स्पॅम’ दाबले की आपण सीमेवर आलात. नाव काढणे सोपे असेल तर लोक ते बटण दाबत नाहीत. आखातात, कॅनडात गेलेले वसईकर गावाकडच्या ट्रस्टचे मेल आवडीने वाचतात, पण ज्याने मागितले नाही त्याला पाठवू नये.

तक्रारींचे हे प्रमाण दाखवणारे गूगलचे पोस्टमास्टर टूल्स जोडून ठेवावे. मेल कमी असतील तर तिथले आलेख रिकामे दिसतात, त्याने घाबरू नये.

१०. मराठी मजकूर युनिकोडमध्येच

आपल्याकडच्या संस्थांची एक खास सवय आहे. नोटीस जुन्या फाँटमध्ये टाइप करायची, छापायची, सही-शिक्का मारून स्कॅन करायची आणि रिकाम्या मेलला चित्र म्हणून जोडायची. विषयाच्या जागी ‘नोटीस’ किंवा काहीच नाही. मजकूर नसलेला, एकच जोडपत्र असलेला, नव्या सर्व्हरवरून आलेला मेल स्पॅममध्ये गेला तर नवल नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर थेट चिकटवला तर फिल्टरला तो निरर्थक अक्षरांचा ढीग दिसतो, आणि वाचणाऱ्यालाही.

नोटिशीचा मजकूर युनिकोडमध्ये मेलमध्येच लिहावा आणि सही केलेली पीडीएफ सोबत जोडावी. विषय छोटा पण नेमका असावा : संस्थेचे नाव, सभा, तारीख. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात आणि विषयाची ओळ पाठवताना ती आणखी फुगते. म्हणून लांब विषय टाळावा.

११. परत आलेला मेल वाचावा

बाउन्स आला की बहुतेक जण तो पुसून टाकतात. त्यातच निदान असते. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर या’. काही सर्व्हर अनोळखी प्रेषकाला मुद्दाम ४५१ देऊन परत पाठवतात आणि काही मिनिटांनी आलात तर घेतात. इथे काहीच करू नये. ५ ने सुरू होणारा आकडा म्हणजे कायमचा नकार. जीमेलकडून ५५० ५.७.२५ आले तर पीटीआर बिघडला आहे. ५५० ५.७.२६ आले तर एसपीएफ-डीकेआयएमची ओळख पटलेली नाही. ५५० ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही, तो यादीतून त्याच दिवशी काढावा. ४ चा आकडा येत राहिला तर पोस्टफिक्स पाच दिवस प्रयत्न करून मगच मेल परत देतो, आणि तोवर पाठवणाऱ्याला काही कळत नाही. चार तासांनी उशिराची सूचना जाईल अशी सेटिंग करावी.

१२. फॉरवर्डिंग टाळावे

‘सचिव’ या पत्त्यावर आलेला मेल सचिवांच्या खासगी जीमेलवर आपोआप पाठवणे सोयीचे वाटते. पण त्या पत्त्यावर येणारे स्पॅमही आपल्या आयपीवरून जीमेलला जाते आणि पत आपली खालावते. शिवाय वाटेत एसपीएफ तुटतो. सचिव, अध्यक्ष, लेखा यांच्या खऱ्या पेट्या तयार कराव्यात आणि त्या मोबाइलवर आयमॅप पद्धतीने उघडून द्याव्यात. पाच वर्षांनी समिती बदलली की फक्त पासवर्ड बदलायचा, पत्रव्यवहार संस्थेकडेच राहतो.

१३. दार बंद आहे ना?

पत बुडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे एखाद्या कर्मचाऱ्याचा चोरीला गेलेला पासवर्ड. रात्रीतून त्याच्या नावाने हजारो मेल जातात आणि सकाळी आयपी काळ्या यादीत असतो. त्यासाठी दर खात्याला तासाला किती मेल जातील याची मर्यादा घालावी. ही एकच सेटिंग बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वाचवते. चुकीच्या पासवर्डने वारंवार ठोठावणाऱ्याला फेल२बॅन या साधनाने अडवावे. वेबसाइटच्या फॉर्मवरून ‘आपला संदेश मिळाला’ असे स्वयंचलित उत्तर बंद करावे, कारण तो फॉर्म वापरून परक्यांना स्पॅम पाठवता येते.

सर्ट-इन या सरकारी यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. पोस्टफिक्सच्या नोंदी अनेक यंत्रांवर थोड्याच आठवड्यांत पुसल्या जातात. मुदत आधीच वाढवून ठेवावी.

१४. रिले घेण्यात कमीपणा नाही

सगळे करूनही आउटलुककडे मेल अडत असतील, किंवा महिन्यातून एकदाच हजारो बिले जात असतील, तर बाहेर जाणारा मेल एखाद्या रिले सेवेमार्फत पाठवावा. ॲमेझॉनची एसईएस, झोहोची झेप्टोमेल, मुंबईची नेटकोअर असे पर्याय आहेत. पेट्या, पत्ते आणि येणारा मेल आपल्याकडेच राहतो, फक्त पोहोचवण्याचे काम दुसऱ्याकडे जाते. माझे स्पष्ट मत असे की पतसंस्थेने ओटीपी आणि ठेवीच्या सूचना पहिल्या दिवसापासून रिलेमधूनच पाठवाव्यात. हट्ट करण्याची ती जागा नव्हे. रिले जोडल्यावर त्याचे एसपीएफ आणि डीकेआयएम आपल्या डोमेनला लावायला विसरू नये.

१५. बॅकअप आणि दुसरा माणूस

पेट्यांची रोजची प्रत वेगळ्या कंपनीच्या यंत्रावर किंवा कार्यालयातल्या डिस्कवर घ्यावी. तीन महिन्यांतून एकदा त्यातली एक पेटी प्रत्यक्ष परत उभी करून पाहावी. डिस्क ८० टक्के भरली, रांगेत ५० पेक्षा जास्त मेल साचले, प्रमाणपत्राची मुदत दहा दिवसांवर आली, आयपी काळ्या यादीत गेला, या चार गोष्टींचा इशारा मोबाइलवर आला पाहिजे. तो याच सर्व्हरच्या मेलवर मागवू नये.

सर्व्हर सांभाळणारा एकच माणूस असेल आणि तो विरार-चर्चगेटच्या गर्दीत अडकला असेल, तर कार्यालयात निदान रांग पाहून यंत्र सुरू करू शकणारा दुसरा कोणी असावा. त्याच्यासाठी एका पानावर लिहून ठेवावे : यंत्र कोणत्या कंपनीचे, डोमेन कुठे नोंदवलेले, नूतनीकरणाची तारीख, बॅकअप कुठे, कोणत्या क्रमाने काय तपासायचे. डोमेनच्या खात्याचा संपर्क पत्ता त्याच डोमेनवरचा ठेवू नये. डोमेन बंद पडले तर खाते परत मिळवण्याचा मेल त्याच बंद पत्त्यावर जाईल. तो पत्ता बाहेरचा पण संस्थेच्या ताब्यातला असावा, आणि त्याचा पासवर्ड सीलबंद पाकिटात तिजोरीत ठेवावा. हे पान आणि हे पाकीट पहिला मेल पाठवण्यापूर्वी तयार करून घ्यावे.